मिरवणुकीची मागची रांग

कोबे,
सोमवार, ९ मार्च २०२६

चि. सौ. स्वरूपास देवयानीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालच्या प्रसंगासंबंधी आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. मतभेद असलाच तर तो वस्तुस्थितीबद्दल तरी राहू नये.

पहिली गोष्ट अशी की महिला दिनाचा कार्यक्रम आपल्या मराठी मंडळाने जानेवारीतच माझ्यावर सोपवला होता. अमेरिकेतील स्त्रियांच्या समान हक्कांच्या लढ्याचा अभ्यास आणि अध्यापन यांत माझे आयुष्य गेले. तेव्हा मार्च १९१३मध्ये वॉशिंग्टन शहरात मताधिकारासाठी निघालेली स्त्रियांची मिरवणूक रंगमंचावर उभी करायची, हे मी ठरवले आणि सर्वांनी ते मान्य केले.

दुसरी गोष्ट, रचनेची. मूळ मिरवणुकीत कामानुसार तुकड्या होत्या: शेतकरी स्त्रिया, परिचारिका, डॉक्टर, ग्रंथपाल, झगे घातलेल्या पदवीधर. आपणही तसेच करायचे ठरले. प्रत्येकीने पुढे येऊन आपले नाव आणि काम जपानीत एका वाक्यात सांगायचे होते. मागच्या रांगेने बोलायचे नव्हते, पिवळे फलक धरून उभे राहायचे होते. ही रचना मी फेब्रुवारीतच सर्वांना लेखी पाठवली. तुझे नाव मागच्या रांगेत होते. त्याचे कारण, म्हणजे तुझी उंची, मी तुला स्वतंत्रपणे कळवले होते. तू हरकत घेतली नाहीस.

तिसरी गोष्ट: जपानी निवेदन आपल्या ओजस्वीकडे होते आणि ते तिने निर्दोष केले. एकही उच्चार घसरला नाही. कोबेहून खास आलेल्या माझ्या सहकारी हायाशिदा-सेन्सेई यांनी मला दोनदा विचारले की ही मुलगी कोण. माझी भाची, हे सांगताना मला अभिमान वाटला.

चौथी गोष्ट तू जाणतेसच. मागची रांग आली तेव्हा तिच्यात तुझी जागा रिकामी होती. ओजस्वीचे निवेदन चालू असताना तू प्रेक्षकांतून चालत आलीस, कडेच्या पायऱ्या चढलीस आणि पुढच्या रांगेत माझ्या आणि डॉ. कुमुदिनींच्या मध्ये उभी राहिलीस. कुमुदिनींच्या हातातला माइक घेऊन तू सांगितलेस की तू बेन्तोच्या कारखान्यात काम करतेस आणि डब्यातल्या भातावर मासा ठेवतेस. त्या एका वाक्यात जपानीच्या दोन चुका होत्या.

पाचवी गोष्ट, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी हायाशिदा-सेन्सेईंनी विचारले की त्या बाईंचे येणे आधीच ठरले होते का. मी हो म्हणाले. तुझ्यापायी मला खोटे बोलावे लागले.

सहावी आणि शेवटची गोष्ट: तू माइक घेतल्यावर ओजस्वीने कागद खाली ठेवला आणि उरलेले निवेदन वाचलेच नाही. त्यानंतर तिने माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलेले नाही. एक एप्रिलपासून ती माझ्याकडे राहून माझ्याच विद्यापीठात शिकणार आहे. मी तिच्यासाठी खोली लावून ठेवली आहे, टेबल खिडकीशी घेतले आहे, पडदे शिवून आले आहेत. आणि मुलगी बोलत नाही.

स्वरूपा, इतकी वर्षे मी या देशात ताठ मानेने राहिले. काल सभागृहातून बाहेर पडताना कोणाच्या नजरेला नजर देववली नाही. तुझा माझ्यावर कसला राग असेल तर तो घरात काढायचा होतास. मुलीला माझ्याविरुद्ध काय सांगितले आहेस, आणि काल जे केलेस ते का केलेस, याचा खुलासा मला लेखी हवा. फोनच्या पडद्यावर टाकलेल्या ओळींना मी उत्तर समजत नाही.

चि. प्रसन्नला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा अशी अपेक्षा मात्र आज करत नाही.

तुझी,
देवयानी


ग्योतोकु,
१४ मार्च

ती. देवयानीताईंना स्वरूपाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ह्यांनी ते दारातच उभं राहून वाचलं आणि म्हणाले, ताई १९१३ साली असती तर शिट्टी घेऊन वॉशिंग्टनमध्ये रांगा लावत फिरली असती. मी हसले नाही. नंतर भांडी घासताना थोडं हसले, ते कबूल करते.

उंचीपासून सुरुवात करू का? ओजस्वी सात वर्षांची झाली तेव्हा तिच्या शिचि-गो-सानला देवळासमोर काढलेला फोटो तुमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. एकदा बघा. मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं, कारण मागे उभी राहिले तर दिसतच नाही. तुमच्यापेक्षा मी चांगली चार बोटं बुटकी आहे. मागच्या रांगेत मला उंचीमुळे ठेवलं असं तुम्ही कळवलंत तेव्हाच मला खरं कारण समजलं होतं. हरकत घेतली नाही, कारण वाटलं, जाऊ दे, ताईंचे विद्यापीठातले लोक येणार आहेत, त्यांची एक दिवसाची हौस आहे. फलक धरायला माझं काय जातं?

त्या रविवारी माझी सकाळची पाळी होती. ती संपवून तशीच निघाले, स्टेशनच्या स्वच्छतागृहात साडी नेसले. केसांना कारखान्यातल्या टोपीची घडी पडली होती, ती शेवटपर्यंत गेली नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे पिवळा फलक घेऊन पडद्यामागे उभी राहिले. आणि तिथे मला ओजस्वीचा आवाज ऐकू आला. तुम्ही लिहून दिलेलं ती वाचत होती की आता येत आहेत आमच्या गृहिणी, ज्या स्वतः बाहेर काम करत नाहीत, पण काम करणाऱ्यांच्या पाठीशी उभ्या असतात.

ताई, माझं जपानी दोन चुकांचं असलं तरी एवढं मला कळतं.

गृहिणी म्हटल्याचं मला काहीच नाही. माझ्या शेजारी उभ्या होत्या त्या दोघी खरोखर घरी असतात आणि दिवसभर माझ्याहून जास्त राबतात. पण माझ्या लेकीने त्याच सकाळी मला जिन्यापर्यंत सोडलं होतं, मी कुठे जाते ते तिला ठाऊक आहे, आणि ती भरल्या सभेत, स्वच्छ आवाजात, आपली आई काम करत नाही असं वाचत होती. तुम्ही म्हणता तसा एकही उच्चार घसरला नाही. पण वाचताना तिने मान वर केली नव्हती. ते तुम्हाला दिसलं नसेल. तुम्ही प्रेक्षकांकडे बघत होतात.

ते वाचन थांबावं एवढंच मला हवं होतं. पडद्यामागून तुमच्या पुढच्या रांगेत यायला वाटच नव्हती, म्हणून बाहेरच्या दाराने फिरून खुर्च्यांमधून आले. आयडा वेल्स त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हती. ती मला घरी येताना गाडीत आठवली. तालमीत तुम्हीच शिकवलं होतंत: ती शिकागोची बाई, पत्रकार, काळी म्हणून तिला मिरवणुकीच्या मागे चालायला सांगितलं, ती गर्दीत जाऊन उभी राहिली आणि आपल्या राज्याची तुकडी समोर आली तशी आत शिरून पुढे चालू लागली. हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. कुमुदिनीताईंनी तेव्हा विचारलं होतं की १९२० साली घटनेत दुरुस्ती झाली तरी दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९६५पर्यंत खरं मत देता आलं नाही, मग पुढे चालणाऱ्या बायका त्यांना काय सांगत होत्या? तुम्ही म्हणालात, हेच सांगत होत्या की आधी आमचं होऊ द्या, मग तुमचं बघू. आम्ही सगळ्या चुकचुकलो. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने.

कारखान्यात आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात असतो. चेहरा कोणाचा दिसत नाही, फक्त टोपीवर नाव असतं. पहिले काही महिने मला ते बरंच वाटायचं, कोणी ओळखणार नाही म्हणून. म्हणजे लाज मलाही वाटत होती, ताई. ती मी हळूहळू टाकली. तुम्ही रविवारी ती पुन्हा आणून हातात दिलीत आणि अर्धी माझ्या पोरीला दिलीत.

ओजस्वीला मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. ती तुमच्यावर रागावली आहे असं मला वाटत नाही. ती माझ्याशीही फार बोलत नाही. घरी आल्यावर तिने माझी टोपी हाताने धुतली. मशीन असताना.

तब्येत जपा. कोबेत वारा फार असतो, मफलर घालत जा. पुढच्या वेळी फोटो काढताना मला पुढेच उभं करा, एवढीच विनंती.

तुमची,
स्वरूपा


कोबे,
१८ मार्च

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचले. सूर काहीसा तिखट असला तरी प्रामाणिक आहे, हे मान्य करते. उंचीसंबंधी माझे म्हणणे अचूक नव्हते. 'गृहिणी' ही संज्ञा मी सोयीसाठी वापरली. त्या रांगेत तिघी होत्या आणि प्रत्येकीचे वेगळे वर्णन केले असते तर निवेदन लांबले असते. आयडा वेल्स यांच्याशी केलेली तुलना मात्र मला अतिशयोक्त वाटते. त्यांना वर्णामुळे मागे लोटले गेले, त्यामागे शतकांची गुलामगिरी होती. येथे फार तर एका कार्यक्रमातील रचनेचा प्रश्न होता.

तरीही तुला वाईट वाटले, याचे मला वाईट वाटते. त्यावर मी एक मार्ग काढला आहे. मंडळाच्या वार्षिक अंकासाठी कार्यक्रमाचा अहवाल मलाच लिहायचा आहे. त्यात मी असे लिहिणार आहे की मूळ मिरवणुकीतील त्या ऐतिहासिक प्रसंगाचे स्मरण म्हणून एका भगिनीने प्रेक्षकांतून येऊन पुढच्या रांगेत स्थान घ्यावे, अशी योजना दिग्दर्शिकेने केली होती आणि सौ. स्वरूपा यांनी ती उत्तम पार पाडली. त्यामुळे तुझाही मान राहील आणि हायाशिदा-सेन्सेईंना दिलेले माझे उत्तरही खरे ठरेल. यापुढे या विषयावर कोणी बोलू नये, हे उत्तम.

ओजस्वीचे तिकीट मी काढते. तिला कोणती गाडी सोयीची आहे तेवढे कळव. तिच्या खोलीत पुस्तकांसाठी आणखी एक फळी लावून घेतली आहे.

प्रसन्नला सांग की शिट्टीचा विनोद पोहोचला. माया असू द्यावी.

देवयानी


ग्योतोकु,
२२ मार्च

ती. देवयानी आत्यास ओजस्वीचा शि. सा. न.

मराठीत लिहिते आहे. चुका असतील. लहान असताना मी तुला पत्र लिहायचे आणि तू ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायचीस. मी त्या चुका पाठ करायचे, म्हणजे पुढच्या पत्रात तू खूश होशील. हे पत्र परत पाठवू नकोस.

मी तुझ्याशी बोलले नाही कारण काय बोलावं ते कळत नव्हतं. निवेदनाचा कागद तू आदल्या दिवशी पाठवलास तेव्हा मी फोन करून विचारलं होतं की आई तर काम करते ना. तुला आठवतं का माहीत नाही. तू म्हणालीस की प्रेक्षकांना एवढे तपशील लागत नाहीत, आपण सोपं ठेवू. मग मी तो कागद आरशासमोर पुन्हा पुन्हा वाचला. ते वाक्य सुद्धा. विशेष करून ते वाक्य, कारण त्यात एक अवघड शब्द होता. मला ते परफेक्ट व्हायला हवं होतं. आणि झालं. आत्या, मला त्याचीच लाज वाटते. घसरले असते तर बरं वाटलं असतं.

तुझ्यावर मला राग नाही. मी तुझ्यासारखी व्हायचं म्हणून अमेरिकेचा इतिहास घेतला आणि सगळ्यांना तेच सांगितलं. आता भीती वाटते की तुझ्या घरी राहिले तर मी होईनही.

आईने तुझं दुसरं पत्र मला वाचून दाखवलं नाही, बाबांनी दाखवलं. आई तिथे आली ती तुझी योजना होती असं तू अहवालात लिहिणार आहेस. आई वाचून म्हणाली की लिहू दे, त्यांना बरं वाटेल. मग ती कामावर गेली. मला हे बरोबर वाटत नाही. ती स्वतः आली. मी तिथे होते. मी बघितलं.

वसतिगृहाचा अर्ज मी भरून ठेवला आहे, पाठवलेला नाही. अहवाल वाचून ठरवीन.

तुझी,
ओजस्वी


कोबे,
२६ मार्च

स्वरूपा, आज आशीर्वाद लिहीत नाही. तो देण्याच्या जागी मी नाही. नमस्कार. हे पत्र तुम्हा दोघींना आहे. ओजस्वीला वाचून दाखव, आणि या वेळी तूच दाखव.

ओजस्वीचे पत्र आले तेव्हा मी अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदावर होते. ते पत्र वाचताना माझा हात पेनाकडे गेला. तिच्या दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत एक विरामचिन्ह नाही, तिथे. पेन हातात आल्यावर मला कळले की मुलगी आपल्या लाजेबद्दल लिहिते आहे आणि मी स्वल्पविराम शोधते आहे. स्वरूपा, मला माझीच शिसारी आली. हा शब्द मी विचारपूर्वक लिहीत आहे.

तिचा फोन मला आठवत होता. विसरले होते असे म्हणण्याची सोय तिने मला उदारपणे दिली आहे. ती मी घेत नाही. तिने विचारले, मी ऐकले, आणि सोपे ठेवू असे म्हणाले. सोपे कोणासाठी, हे तेव्हाही मला माहीत होते. हायाशिदा-सेन्सेईंच्या वडिलांच्या घरी तीन पिढ्या प्राध्यापक आहेत. त्यांच्यासमोर माझी भावजय बेन्तोच्या कारखान्यात मासा ठेवते हे ऐकायला येऊ नये, इतकीच माझी इच्छा होती. त्या एका इच्छेसाठी मी एक मिरवणूक रचली, उंचीचे कारण शोधले, आणि जे वाक्य माझ्या तोंडून निघाले नसते ते एका मुलीच्या तोंडी घातले.

न्यूयॉर्कच्या शर्ट शिवणाऱ्या मुलींचा १९०९चा संप मी दर वर्षी शिकवते. त्या किती तास उभ्या असत, थंडीत फाटकासमोर कशा उभ्या राहिल्या, हे मी वर्गाला तपशिलाने सांगते. तू किती तास उभी असतेस हे मी तुला कधी विचारलेले नाही. मला ते आजही माहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कामगार स्त्रीपुढे मी मनापासून नतमस्तक होते, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसणारीला मागच्या रांगेत फलक देते.

आयडा वेल्स यांच्याशी तुलना अतिशयोक्त आहे, असे मी लिहिले. त्यांच्या दुःखाशी तुझ्या दुःखाची बरोबरी करणे खरोखरच योग्य नाही, आणि तूही ती केलेली नव्हतीस. पण तुलना माझी व्हायला हवी होती, तुझी नव्हे. त्या मिरवणुकीच्या संयोजिकांची पत्रे मी वर्गात वाचून दाखवते. किती सौजन्य, किती अडचणी, दक्षिणेकडच्या बायका निघून जातील ही किती खरी काळजी. माझे अठरा तारखेचे पत्र त्यांच्या कागदांत नेऊन ठेवले तर कोणाला वेगळे काढता येणार नाही. त्यांनीसुद्धा रचनेचाच प्रश्न आहे असे म्हटले होते. आणि त्यांच्यापुढे मी एक पाऊल गेले: तू स्वतः चालत आलीस, ते चालणेही मी माझ्या नावावर करायला निघाले होते.

तो परिच्छेद फाडला आहे. काल हायाशिदा-सेन्सेईंकडे जाऊन सांगितले की त्या बाई माझ्या भावजय आहेत, त्यांचे येणे ठरलेले नव्हते, आणि त्यांचे काम मी मुद्दाम लपवले होते. त्यांनी एकच विचारले की लपवावे असे का वाटले. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी चहा ओतला आणि बागेतल्या प्लमच्या झाडाबद्दल बोलू लागल्या. रस्त्यात पडलेल्या माणसाकडे न पाहता पुढे जावे, त्याला आणखी ओशाळे वाटू नये म्हणून, तसे त्यांचे बोलणे होते. इतक्या सौजन्याने मला आजवर कोणी शिक्षा केली नव्हती.

ओजस्वी, आता तुला. वसतिगृहाचा अर्ज आजच पाठव. अहवाल वाचून ठरवीन असे तू लिहिलेस. मला तसे नको आहे. मी चांगला अहवाल लिहून तुला विकत घ्यायची, आणि पुढे चार वर्षे तू माझ्या घरात माझ्या चुका मोजायच्या किंवा त्या शिकायच्या, यातले काहीच होऊ नये. तुझी भीती बरोबर आहे. ती मीच तुला दिलेली आहे, म्हणून तिचा मान ठेवते. खोली आहे तशी राहील. रविवारी जेवायला यावेसे वाटले तर ये, दार उघडताना मी तुझा मराठीचा पेपर तपासणार नाही. तुझे पत्र मी परत पाठवत नाही. ते माझ्याकडे राहील, विरामचिन्हाशिवाय.

स्वरूपा, अहवालाचे बाकी सर्व लिहून झाले आहे. मी काय केले तेही त्यात आहे, दोन वाक्यांत, विशेषणे न लावता. पुढच्या रांगेतल्या प्रत्येकीचे एकेक वाक्य छापायचे आहे. डॉ. कुमुदिनींच्या आणि माझ्या वाक्याच्या मध्ये मी जागा मोकळी सोडली आहे. तू मंचावर काय म्हणालीस ते मला नीट सांगता येत नाही. मी फक्त चुका ऐकत होते. तुझे वाक्य तू लिही. जपानीत बोललीस तसे जपानीत लिही, हवे तर खाली मराठीतही. त्या दोन चुका त्यात असल्या तर असोत. मी काना-मात्रेचाही बदल करणार नाही, आणि हे वचन पाळणे मला किती जड जाणार आहे हे तुझ्याशिवाय कोणाला कळेल?

क्षमा मागायला मी ग्योतोकुला येईन, तू ये म्हणशील तेव्हा. पत्रातून ती उरकणार नाही. वाक्य मात्र पाच एप्रिलपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे, अंक छापायला जातो. फोनवर सांगू नकोस, प्रसन्नकडून निरोप धाडू नकोस. मला ते तुझ्या हाताने, लेखी हवे.

देवयानी